'स्क्रीन-फ्री' डब्याची पार्श्वभूमी

आम्ही स्क्रीन नसलेला, घरच्यांचे कॉल तेवढे सांगणारा एक डबा बनवतोय, त्यामागची ही गोष्ट. मोबाईल हातातून सुटत नाही हे नव्याने काय सांगायचं. बाहेर आयफोनवर पुश नोटिफिकेशन 2009 लाच आलेलं, न संपणारं स्क्रोल त्याच्याही आधीचं. आपल्याकडे मात्र खरा सुळसुळाट 2016 च्या सप्टेंबरनंतर, डेटा जवळपास फुकट झाला तेव्हा. त्याआधी आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवरची पोरं 1 जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरायची. 2018 ला फोनवाल्यांनीच वापर मोजायची सोय दिली, पण मोजणार तोच फोन, म्हणजे वजन कमी करायचंय आणि काटा ठेवलाय मिसळीच्या हॉटेलात.

वेगळं यंत्रच बनवू असं काही लोकांना त्याआधीच वाटायला लागलं होतं आणि तिथूनच 'स्क्रीन-फ्री' या शब्दाचा घोळ सुरू होतो. 2017 ला लाइट फोन लोकांच्या हातात पडला, एटीएम कार्डाएवढा, मोठा फोन घरी ठेवायचा आणि कॉल इकडे फॉरवर्ड करायचे, आकडे तेवढे बारक्या दिव्यांच्या ठिपक्यांत दिसणार, बस्स. पण लोकांना मेसेजही हवे होते, म्हणून 2019 च्या दुसऱ्या मॉडेलला ई-इंकचा, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा स्क्रीन आला. आता याला स्क्रीन-फ्री म्हणायचं का? काही जण म्हणतात ई-इंक म्हणजे कागदच की. मला नाही पटत, डोळ्यांना त्रास होणं वेगळं आणि लक्ष उडणं वेगळं. उलट 2024 चा एआय पिन बघा, फोनऐवजी छातीला लावायचा बोलका बिल्ला, स्क्रीन नाही पण तळहातावर लेझरने अक्षरं पाडणार, किंमत 699 डॉलर आणि वर महिन्याला 24 डॉलर. गरम व्हायचा, उत्तर द्यायला वेळ लावायचा, आणि 28 फेब्रुवारी 2025 ला सर्व्हर बंद झाले तसा कायमचा गप्प झाला. लोक म्हणाले बघा, स्क्रीनशिवाय काही चालत नाही. अहो पण तो अख्खा फोनच गिळायला निघाला होता! एकच काम बाहेर काढलं असतं तर?

तसा नमुना रविवार कारंजावर रोज ऐकू येतो. क्यूआर आल्यावर भाजीवाल्या मावशी दर गिऱ्हाईकाला 'थांब रे, मेसेज येऊ दे' म्हणत फोन उघडायच्या, 2019 पासून साउंडबॉक्स यायला लागले, आत स्वतःचं सिम आणि एक स्पीकर, पैसे आले की बोलतो, नाहीतर गप्प. डिटॉक्स, म्हणजे फोनची सवय सोडवणं, वगैरे शब्द त्याच्या आसपासही कोणी काढत नाही.

आमच्या अंबडच्या शेडमध्ये ईएसपी32 नावाची वायफायवाली छोटी चिप, एक बटण आणि स्पीकर जोडून असाच डबा चाललाय, घरच्यांचे कॉल तेवढे सांगायचे, बाकी फोन कपाटात. अडलंय ते ओटीपीवर. बँकेला ओटीपी, सिलिंडर घ्यायलाही कोड, म्हणजे दर थोड्या वेळाने कपाट उघडणं आलंच. डब्याने तो ओटीपी वाचून दाखवावा असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, तिसरा म्हणतो मोठ्याने वाचला तर शेजारच्या काकांनाही कळणार.