एकोणीस वेळा ‘नाही’

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत माझी वहिनी शिकवते. चार इयत्ता, दोन शिक्षिका, पटावर एकोणीस मुलं. गेल्या गणेशचवथीनंतर तिच्याकडे गेलो तेव्हा ती यूडायसची माहिती भरत बसली होती. यूडायस म्हणजे देशातल्या प्रत्येक शाळेने दरवर्षी केंद्राला द्यायचा हिशेब. मुलं किती, वर्गखोल्या किती, नळ आहे का, रॅम्प आहे का, असं सगळं. त्यात प्रत्येक मुलापुढे एक रकाना असतो : विशेष गरजा आहेत का? तिने एकोणीस वेळा ‘नाही’ निवडलं.

“एकोणिसांत एकही नाही?” मी विचारलं.

“आहेत रे. दाखल्याचा कागद असलेलं एकही नाही.”

शाळांमधल्या विशेष मुलांच्या संख्येचे आलेख वाचायचे तर वहिनीचं हे वाक्य हाताशी ठेवावं. २०२१-२२च्या यूडायस अहवालात अशी मुलं साधारण साडेबावीस लाख होती. देशातली शाळकरी मुलं पंचवीस कोटींच्या वर, म्हणजे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेत २०२२-२३ साली विशेष शिक्षण घेणारी मुलं ७५ लाख होती, सरकारी शाळांतल्या मुलांच्या सुमारे १५ टक्के. तिथल्या मुलांच्या मेंदूत आपल्या मुलांपेक्षा पंधरापट अडचणी असतात, यावर कुणी विश्वास ठेवेल असं वाटत नाही. फरक मोजण्यात आहे, आणि मोजल्यावर पदरात काय पडतं त्यात.

अमेरिकेची गोष्ट म्हणूनच पाहण्यासारखी आहे. १९७५ साली तिथे कायदा झाला की अपंग मुलालाही सरकारी शाळेने मोफत आणि त्याला जुळेल असं शिक्षण द्यायलाच हवं. लगेचच्या मोजणीत, १९७६-७७ साली, ३७ लाख मुलं निघाली, म्हणजे ८ टक्के. पुढे हा आकडा दुप्पट झाला. मात्र सगळे प्रकार एकसारखे वाढले नाहीत. वाचन-लेखन-गणिताच्या विशिष्ट अडचणींची, म्हणजे ज्यांना आपण लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतो त्यांची, संख्या २०००च्या सुमारास २९ लाखांजवळ होती. दहा-बारा वर्षांत ती २३ लाखांवर उतरली. त्याच काळात ऑटिझमची (स्वमग्नतेची) नोंद एक लाखाच्या आतून वर चढू लागली आणि २०२२-२३पर्यंत नऊ लाखांच्या पलीकडे गेली. यातली काही वाढ खरीही असू शकते. पण व्याख्या रुंद झाली, डॉक्टर आणि शिक्षक सजग झाले, आणि पूर्वी ज्या मुलावर ‘मतिमंद’ असा शिक्का बसला असता त्याच्या फायलीवर आता दुसरं नाव येऊ लागलं. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला. ऑटिझमच्या नोंदींतली साधारण ६० टक्के वाढ निव्वळ नोंदणीच्या पद्धती बदलल्यामुळे झालेली दिसली.

आकडा खाली खेचणंही तितकंच सोपं. टेक्सास राज्याने २००४ साली शालेय जिल्ह्यांना विशेष शिक्षणातल्या मुलांसाठी ८.५ टक्क्यांचं लक्ष्य दिलं. त्या वेळी तिथलं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास होतं. दशकभरात ते बरोबर ८.५वर येऊन टेकलं. मुलं बरी झाली नव्हती, त्यांना दारातूनच परत पाठवलं जात होतं. २०१६ साली एका वर्तमानपत्राने हे बाहेर काढलं आणि पुढच्या वर्षी राज्याला कायद्याने अशी मर्यादा बंद करावी लागली.

आपल्याकडे १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले. ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी या यादीत तेव्हा आली. एका कायद्याने मुलांच्या एका मोठ्या गटाला नाव मिळालं. पण वर्गात बसलेल्या मुलापर्यंत ते नाव पोचायला वेळ लागतो, आणि गोव्यात तर वाटेत भाषेचा घाट आहे.

वहिनीच्या वर्गातली निम्मी मुलं घरी कोंकणी बोलतात, काही कन्नड, दोघं-तिघं हिंदी. शाळा मराठी माध्यमाची. तिसरीतल्या एका मुलाची वही तिने मला दाखवली. एका ओळीत त्याने लिहिलं होतं : ‘माका उदक जाय’ (मला पाणी हवं). शिक्षिका नवखी असेल तर यावर लाल शाई पडेल. पण ही चूक नव्हेच, मुलाने घरची भाषा इमानाने कागदावर उतरवली आहे. मराठी कानावर पडत राहिली की हे बहुतेकदा सुटतं.

दुसरी वही वेगळी होती. तीही तिसरीचीच, आणि हा मुलगा घरीही मराठी बोलणारा. ‘घर’ लिहिताना ‘धर’, ‘भात’च्या जागी ‘मात’. वेलांट्यांची तर पार दैना. ऱ्हस्व वेलांटी ही मुळात फसवी गोष्ट आहे : उच्चारात ती अक्षरानंतर येते, लिहिताना आधी काढायची. देवनागरीत व्यंजनं आणि बाराखडी मिळून चारशेवर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर बेतलेली लक्षणांची यादी (बी आणि डी उलटसुलट लिहिणं वगैरे) इथे जशीच्या तशी लावून भागत नाही. हाच मुलगा गोष्ट ऐकली की पात्रांच्या नावांसकट परत सांगतो. पाटी हातात आली की पोट दुखतं.

पहिल्याला सवय हवी, दुसऱ्याला तपासणी. गुणपत्रिकेवर मात्र दोघंही सारखेच ‘कच्चे’ दिसतात.

शाळेची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या एनसीईआरटीने २०२२ साली ‘प्रशस्त’ नावाचं ॲप काढलं. एकवीसही प्रकारांची ती चाळणी आहे, शिक्षकाने वर्गातच वापरायची. चाळणी म्हणजे निदान नव्हे, कुणाला पुढे पाठवायचं एवढंच ती सांगते. लर्निंग डिसॅबिलिटीचा दाखला तिसरीच्या किंवा आठ वर्षांच्या आसपास मिळू शकतो आणि चौदाव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दाखला असला की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती. विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक. आता गंमत बघा, ही दहा मुलं मोजायची ती नोंदीवरूनच. नोंद शून्य तर शिक्षक शून्य, आणि ओळखणारं माणूस शाळेत नाही म्हणून नोंद पुन्हा शून्य.

दुसऱ्या वहीच्या मुलाचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे, आता टेम्पो चालवतात. तपासणीसाठी त्यांना तीनदा रोजगार बुडवावा लागला. एकदा तज्ज्ञ रजेवर, एकदा आधार कार्डावरचं स्पेलिंग जुळेना. आई म्हणायची, “दाखला काढला तर पोराला लोक वेडा म्हणतील.” वहिनी त्यांच्या घरी दोनदा जाऊन बसली.

यंदा तिच्या यादीत दोन ‘होय’ आहेत. एक हा मुलगा. दुसरी पहिलीतली मुलगी, तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. इतके महिने ती ‘लक्ष देत नाही’ या सदरात होती.

माहिती पाठवल्यावर चार दिवसांनी वरून फोन आला. डेटा तपासणारा कुणी तरुण होता, बोलायला अगदी नम्र.

“टीचर, दोगां भुरग्यांक ‘हय’ चुकून पडलां काय कितें? फाटल्या वर्सा सगळ्यांकूच ‘ना’ आशिल्लें.” (दोन मुलांना ‘होय’ चुकून पडलंय की काय? गेल्या वर्षी सगळ्यांनाच ‘नाही’ होतं.)