काचेचे माप देताना: फूट, इंच, सूत आणि मिलिमीटर

काच, आरसे आणि टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) काचेचे दरवाजे यांची मापे बहुतेक ग्राहक फूट-इंचात देतात; आमची कापणी मात्र मिलिमीटरमध्ये होते. रूपांतर अवघड नाही. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, एक फूट म्हणजे ३०४.८, आणि सुतारांच्या बोलण्यातले एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. फुटाला तीस सेंटिमीटर हा अंदाज गप्पांपुरता ठीक आहे, पण सात फुटांच्या दरवाजाला तो लावला तर दरवाजा ३३.६ मिलिमीटरने आखूड होतो.

सर्वांत जास्त खोळंबा होतो तो दशांश चिन्हामुळे. चार फूट सहा इंच हे माप मोबाइलवर ‘४.६’ असे लिहून येते. फुटाचे इंच बारा असल्यामुळे ४.६ फूट म्हणजे चार फूट ७.२ इंच, मिलिमीटरमध्ये १३७१.६ ऐवजी १४०२. एवढी मोठी काच चौकटीत बसणे शक्यच नाही. त्याचप्रमाणे २२ इंच ५ सूत हे ‘२२.५’ असे लिहिले, तर वाचणारा ते साडेबावीस इंच, म्हणजे २२ इंच ४ सूत, असेच धरतो.

साधी काच मोठी झाली तर पुन्हा कापून देता येते. टफन्ड काच आधी मापात कापून, कडा घासून, भोके पाडून मगच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. त्यानंतर ती कापायला गेल्यास संपूर्ण काचेचे बारीक तुकडे होतात. म्हणूनच मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या मापावर आपली सही झाल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. काहींना हा उशीर वाटतो, परंतु वाया गेलेली काच नव्याने करून घेण्यात याहून कितीतरी अधिक वेळ आणि पैसा जातो.

शक्यतो टेपच्या सेंटिमीटरच्या बाजूने वाचून माप मिलिमीटरमध्येच द्यावे. इंचात द्यायचे असल्यास फूट, इंच, सूत हे शब्द लिहावेत, बिंदू वापरू नये. माप चौकटीच्या आतल्या मोकळ्या जागेचे असावे. फटीसाठीची वजावट आम्ही करतो. बिल चौरस फुटांवर होत असले, तरी त्याचा हिशेब याच मिलिमीटरच्या मापावरून केला जातो. टफन्ड काचेच्या दरवाजासाठी आमचा कारागीर जागेवर येऊन माप घेतो, आणि त्याने घेतलेल्या मापाची जबाबदारी आमची असते.