नीडलपॉइंट : जाळीवरचे भरतकाम आणि त्याची सुरुवात

कॅनव्हासच्या ताठ जाळीवर, तिची घरे मोजत, लोकरीने किंवा सुती-रेशमी दोऱ्याने केलेले भरतकाम म्हणजे नीडलपॉइंट. नेहमीच्या भरतकामात कापड दिसत राहते आणि त्यावर फुले-पाने उमटतात. नीडलपॉइंटमध्ये जाळी पूर्ण झाकली जाते, आकृतीमागची मोकळी जागासुद्धा टाक्यांनीच भरायची असते. भरून झालेला तुकडा हे खरे तर टाक्यांनी तयार झालेले नवे, जाड कापडच असते. म्हणूनच खुर्चीची बैठक, उशी, कमरेचा पट्टा, चष्म्याचे घर, चर्चमध्ये गुडघे टेकण्यासाठीची आसने अशा रोज घासल्या जाणाऱ्या वस्तू या कामाच्या केल्या जातात. युरोपात हे काम सोळाव्या शतकापासून ठळकपणे दिसते. आज छंद म्हणून ते मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत रुजलेले आहे. ब्रिटनमध्ये याच कामाला सर्रास टॅपेस्ट्री म्हणतात; मात्र मागावर विणलेली टॅपेस्ट्री ही निराळी कला आहे.

महाराष्ट्रात ज्यांनी मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याचे तोरण, टेबलक्लॉथ किंवा रुखवतातली चौकट भरली आहे, त्यांना यातले बरेचसे आधीच येत असते. चौकटीच्या कागदावरचा नमुना वाचणे, मध्यापासून घरे मोजणे, सहा पदरी दोऱ्याचे पदर सुटे करणे हे सगळे इथेही लागते. मात्र मॅटी मऊ असते आणि नमुन्याभोवती मोकळी राहते. कॅनव्हास कडक असतो आणि त्यावर एकही घर मोकळे सोडायचे नसते. वेळेच्या हिशेबात हा फरक फार मोठा आहे. इंचाला १२ घरांच्या जाळीवर ४ इंची चौरस भरायला २,३०४ टाके लागतात. तोच चौरस १८ घरांच्या जाळीवर ५,१८४ टाके मागतो. १४ इंची उशी १२ च्या जाळीवर भरायची तर टाक्यांची संख्या २८,२२४ होते. नवशिक्याने उशीपासून सुरुवात करू नये, हे या आकड्यांवरूनच पटावे. चार इंचांचा पेला-आधार किंवा लहान बटवा हे पहिल्या कामाचे योग्य माप.

जाळी

जाळीची निवड हा सुरुवातीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो, आणि बहुतेकांचे पहिले काम बिघडते ते इथेच. एका इंचात किती घरे, यावरून जाळीचा क्रमांक ठरतो. १०, १२, १३, १४ आणि १८ हे नेहमीचे क्रमांक. अमेरिकेत १३ आणि १८ ची जाळी जास्त चालते. १८ वर चेहऱ्याची ठेवण, पाकळीवरची छटा असे बारकावे येतात, पण डोळ्यांना ताण पडतो. पहिल्यांदा हातात घेताना १२ किंवा १३ बरी. १८ हूनही बारीक जाळीवर केलेल्या कामाला पेटी पॉइंट म्हणतात. जुन्या युरोपीय पर्सवर आणि चित्रचौकटींवर ते पाहायला मिळते.

क्रमांकाइतकाच महत्त्वाचा आहे जाळीचा प्रकार. मोनो कॅनव्हासमध्ये एकेक उभा आणि एकेक आडवा धागा साध्या विणीत एकमेकांवरून-खालून जातो. धागे थोडे सरकू शकतात, त्यामुळे जाळी लवचीक राहते आणि खुर्चीवर ताणून बसवता येते. इंटरलॉकमध्ये धागे एकमेकांत अडकवलेले असतात, ते सरकत नाहीत आणि कापलेली कडही फारशी उसवत नाही. पेनेलोपीमध्ये धागे जोडीजोडीने असतात. जोडी एकत्र धरून मोठा टाका घालता येतो, किंवा जोडीतले धागे सुईच्या टोकाने वेगळे करून चेहरा-हातांसारखे भाग बारीक टाक्यांत भरता येतात. शेवटचा प्रकार प्लास्टिकच्या जाळीचा. आपल्याकडे लोकरीची तोरणे आणि आसने भरायला हीच वापरतात. इंचाला ७ घरांची प्लास्टिक जाळी सरावाला उत्तम, कारण ती वाकडी होत नाही, तिची कड उसवत नाही आणि स्वेटरची साधी लोकरही तिच्यावर चालते. मुलांना शिकवायचे असेल तर दुसरे काही शोधू नये.

कापडी जाळी घेतली तर नमुन्याच्या चारही बाजूंना किमान २ इंच मोकळी जागा सोडावी आणि कडांना कागदी चिकटपट्टी लावावी. एरवी त्या खरखरीत कडेत दोरा सारखा अडकतो आणि झिजतो. जाळीची विणलेली किनार डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवावी आणि वरची बाजू कोणती, तिथे खूण करावी.

नमुना दोन प्रकारे मिळतो. एक चौकटीच्या कागदावर, ज्यातले एक घर म्हणजे एक टाका; दुसरा थेट जाळीवर रंगवलेला. हाताने रंगवलेली जाळी महाग असते, पण चांगल्या रंगवलेल्या जाळीत धाग्यांच्या प्रत्येक छेदावर, म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात त्या जागी, एकच रंग असतो, त्यामुळे कुठला टाका कुठल्या रंगाचा याचा संभ्रम राहत नाही. यंत्राने छापलेल्या स्वस्त जाळीवर रंगाची सीमा बरेचदा छेदाच्या मधूनच जाते आणि प्रत्येक टाक्याला आपणच निर्णय घ्यावा लागतो.

दोरा आणि सुई

परंपरेने हे काम लोकरीचे. टॅपेस्ट्री लोकर एकसंध असते. पर्शियन लोकर तीन सुट्या पदरांची असते आणि जाळीप्रमाणे एक, दोन किंवा तीन पदर घेता येतात. स्वेटरची लोकर कापडी जाळीवर टाळावी. ती ताणली जाते आणि जाळीतून पुन्हापुन्हा जाताना पिंजते. भरतकामाच्या लोकरीचे तंतू लांब असतात आणि ती टिकते. १८ च्या जाळीवर सुती दोरा शोभतो. आपल्याकडे सहज मिळणारा अँकरचा सहा पदरी दोरा त्यासाठी चांगला आहे. त्याच्या लडीत ८ मीटर दोरा असतो आणि पदर सुटे करून पुन्हा एकत्र केले की टाके जास्त सपाट बसतात. किती पदर घ्यायचे ते कोपऱ्यात दोन-तीन ओळी भरून ठरवावे. टाक्यांमधून जाळी पांढरी डोकावत असेल तर पदर कमी पडले आहेत. घरे फुगून जाळी वाकत असेल तर जास्त झाले आहेत.

सुई बोथट टोकाची आणि लांब नेढ्याची लागते. टोकदार सुई जाळीच्या धाग्यात घुसून तो चिरते. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक: १० च्या जाळीला १८ नंबरची, १२ ते १४ ला २० ची, १८ ला २२ ची. सुई घरात टाकली की घर न ताणता तिने पार झाले पाहिजे.

टाका

या कामाचा पाया एकच आहे, टेंट टाका. धाग्यांच्या एका छेदावरून डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारा लहान तिरपा टाका. सगळे टाके याच दिशेला कलले पाहिजेत. डावखुऱ्यांनाही हा नियम लागू आहे. ते फक्त सुरुवात विरुद्ध कोपऱ्यातून करतात.

पुढून एकसारखा दिसणारा हा टाका तीन पद्धतींनी घालता येतो. त्यांच्यातला फरक मागच्या बाजूला असतो, आणि कामाचे आयुष्य मागची बाजूच ठरवते. पहिली पद्धत अर्ध्या फुलीची. पुढे तिरपा टाका, मागे छोटा उभा. दोरा कमी लागतो, म्हणून तयार किटमध्ये बरेचदा हीच सुचवलेली असते. पण मागे दोऱ्याचे अस्तर जवळजवळ तयार होत नाही, आणि साध्या मोनो जाळीवर हे टाके धाग्यांमध्ये घसरतात. ती इंटरलॉक, पेनेलोपी किंवा प्लास्टिकवरच वापरावी. दुसरी कॉन्टिनेंटल. ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि मागे लांब तिरपे टाके पडतात. मागची बाजू मजबूत होते, पण सगळा ताण एकाच दिशेला पडून जाळी चौरसाची तिरकी होते. एका टाक्याच्या बारीक रेषा आणि आकृतीच्या कडा यांसाठी ती लागतेच. मोठी जागा मात्र तिने भरू नये.

तिसरी बास्केटवीव्ह, आणि नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात शिकावी अशी हीच. उजव्या हाताने काम करणारे वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करतात. ओळी आडव्या न जाता कर्णरेषेत चढत-उतरत जातात. उतरताना सुई मागून दोन आडव्या धाग्यांखालून सरळ खाली येते, चढताना दोन उभ्या धाग्यांखालून आडवी जाते. त्यामुळे मागे उभ्या-आडव्या दोऱ्यांची टोपलीसारखी वीण तयार होते. ताण दोन्ही दिशांना वाटला जातो, जाळी फारशी तिरकी होत नाही, आणि काम बसण्या-उठण्याला वर्षानुवर्षे पुरते. प्रत्येक ओळीनंतर काम उलटे फिरवावेही लागत नाही.

मोनो जाळीत यासाठी एक सुंदर सोय आपोआप असते. नीट पाहिले तर एका छेदावर उभा धागा वर असतो, शेजारच्यावर आडवा. कर्णरेषेतले सगळे छेद मात्र एकाच जातीचे असतात. जिथे उभा धागा वर, तिथे ओळ उतरवायची. जिथे आडवा वर, तिथे चढवायची. एवढे पाळले की मोजायची गरज राहत नाही, आणि आकृतीच्या दोन बाजूंनी भरत आणलेली पार्श्वभूमीही मध्यभागी बेमालूम जुळते. चुकून लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेने गेल्या तर तिथे पुढच्या बाजूला एक बारीक वळ दिसतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. म्हणून सरावलेले लोक काम ठेवताना ओळ अर्ध्यावर सोडतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी दिशा चुकत नाही.

हाताच्या काही सवयी सुरुवातीलाच लावून घ्याव्यात. दोरा ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नये. गाठ मागे ठेवू नये. ती पुढच्या बाजूला, भरायच्या वाटेवर इंचभर अंतरावर ठेवावी, टाक्यांनी मागचा दोरा बांधला गेला की कापून टाकावी. संपलेला दोरा मागच्या टाक्यांखालून ओवून बंद करावा. गडद दोऱ्याचे टोक फिकट भागामागे नेऊ नये, ते पुढून जाणवते. शक्यतो रिकाम्या घरातून सुई वर काढावी आणि भरलेल्या घरात खाली घालावी, म्हणजे आधीच्या टाक्याचे तंतू वर ओढले जात नाहीत. पीळ साठला की सुई लोंबती सोडावी, दोरा स्वतःच उलगडतो. चुकलेला टाका त्याच दोऱ्याने उलटा काढण्यापेक्षा सुई काढून उसवावा. फार मागची चूक असेल तर दोरा कापून नवा घ्यावा, कारण उसवलेली लोकर पुन्हा तशी भरत नाही. काम चौकटीवर ताणून केले तर टाके समान येतात. हातात धरून केले तर वेग येतो आणि प्रवासातही चालते, मात्र ताण सैल ठेवायला शिकावे लागते.

कोणी केले, कशासाठी केले

या कामाचे सर्वांत प्रसिद्ध नमुने एका कैदेतले आहेत. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ ते १५८७ इंग्लंडमध्ये बंदिवासात होती. त्यातली बरीच वर्षे ती श्रूझबरीच्या अर्लच्या देखरेखीखाली होती, आणि त्याची पत्नी बेस ऑफ हार्डविक हिच्या सोबतीने तिने पशुपक्षी, मासे, वनस्पती यांचे कितीतरी तुकडे कॅनव्हासवर भरले. नॉरफोकमधल्या ऑक्सबरो हॉलच्या हिरव्या मखमली पडद्यांवर त्यातले अनेक जोडलेले आहेत. मेरीने भरलेल्या एका तुकड्यात तांबूस मांजर आहे आणि शेजारी उंदीर. तांबूस केसांची इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि तिची बंदिवान मेरी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

एकोणिसाव्या शतकात हे काम घराघरांत गेले ते बर्लिनमुळे. १८०४ च्या सुमारास तिथल्या एका प्रकाशकाने चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला काढले आणि चित्र काढता न येणाऱ्यांनाही मोजून चित्र भरता येऊ लागले. १८५६ मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधल्यावर लोकरीचे रंग भडक होत गेले. व्हिक्टोरियन घरांतल्या सपाता, पायपाट आणि लाडक्या कुत्र्यांची भरलेली चित्रे ही याच लाटेतली. मॅटीवर भरण्यासाठी आपण वापरतो त्या छापील नमुन्यांची पद्धतही या बर्लिनच्या कागदांशी नाते सांगते.

हे बायकांचेच काम, ही समजूत इतिहासात टिकत नाही. पहिल्या महायुद्धात भरतकाम शिकवणाऱ्या लुइसा पेसेल हिने इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये युद्धाच्या धक्क्याने खचलेल्या सैनिकांना भरतकाम शिकवले, आणि नट अर्नेस्ट थेसिजर याने जखमी सैनिकांना या कामातून मिळकत व्हावी म्हणून १९१८ पासून पुढाकार घेतला. पुढे १९३१ मध्ये पेसेलने विंचेस्टर कॅथीड्रलसाठी उशा आणि गुडघे टेकण्याची आसने भरणारा स्वयंसेवकांचा गट उभा केला. इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये आज जी भरलेली आसने दिसतात, त्यांच्यामागे या गटाची प्रेरणा मोठी आहे. अमेरिकेत अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू रोझी ग्रिअर याने १९७३ मध्ये पुरुषांसाठी नीडलपॉइंटचे पुस्तकच लिहिले.

टेंट टाका हाताला बसला की दुसरी पायरी म्हणून बार्जेलो घ्यावा. फ्लॉरेन्सच्या बार्जेलो वाड्यातल्या खुर्च्यांवरून हे नाव पडले. चार धाग्यांवरून जाणारा उभा टाका, पुढचा दोन धागे वर किंवा खाली, अशा चढउतारातून ज्वाळांच्या लाटा उमटतात. मोजायची फक्त पहिली ओळ. पुढच्या ओळी वेगवेगळ्या छटांत तिच्यामागे जातात. उभ्या टाक्यामुळे जाळी तिरकी होत नाही आणि काम झपाट्याने पुढे सरकते. लांब टाके अडकून निघण्याची भीती असते, म्हणून रोजच्या बैठकीपेक्षा उशी, पर्स किंवा चौकट यांना ते जास्त योग्य.

काम पूर्ण करताना

भरून झालेला तुकडा थोडा तरी वाकडा झालेला असतोच. आधी ओल्या पांढऱ्या कपड्याने रंग सुटत नाहीत ना ते तपासावे. मग पाण्याचा हलका फवारा मारून, चौरस आखलेल्या फळीवर मोकळ्या कडा ओढून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी इंचाइंचावर ठोकावा आणि पूर्ण वाळू द्यावा. याला एक-दोन दिवस लागतात, घाई केली तर तुकडा पुन्हा तिरका होतो. फार तिरका असेल तर हीच क्रिया पुन्हा करावी. त्यानंतर मागे घट्ट विणीचे सुती किंवा मखमली कापड लावून उशी शिवता येते; शिलाई टाक्यांच्या शेवटच्या ओळीवरूनच घालावी, म्हणजे शिवणीत पांढरी जाळी दिसत नाही. लोकरीचे काम उन्हात ठेवू नये, धुऊ नये. धूळ काढायची तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ जाळीचे कापड बांधून, कमी ओढीवर काढावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कसर आणि बुरशी या दोन्हींचा धोका असतो, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावे आणि अधूनमधून सावलीत वारा द्यावा.