जुन्या गाडीला बाहेरचा कार्बोरेटर: बसवण्याआधी वाचा

प्रीमियर पद्मिनी, पेट्रोलची ॲम्बॅसिडर, जुनी पेट्रोल जीप. या गाड्यांचे मालक आमच्या साताऱ्याच्या गॅरेजमध्ये येतात तेव्हा बहुतेकांचे ठरलेले असते: गाडी घाटात उचलत नाही, ॲव्हरेज पडले, नवा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) टाकून द्या, आणि जमला तर मापाने थोडा मोठाच टाका. पैसे मोजण्याआधी हे पत्रक वाचा.

आधी इंजिन

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजल्याशिवाय आम्ही कार्बोरेटरला हात लावत नाही. चारही सिलिंडरच्या आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. व्हॉल्व्ह जळलेला असताना नवा कार्बोरेटर बसवणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), इग्निशनच्या पॉइंटची फट (साधारण ०.४० मि.मी.), प्लगची फट (०.६० मि.मी.) आणि टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ).

त्यानंतर व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनची ओढ पाऱ्याच्या इंचात मोजणारे मीटर. समुद्रसपाटीला चांगले इंजिन स्लोवर (पॅडल न दाबता) १८ ते २० इंच दाखवते. दर हजार फुटांना एक इंच कमी होतो, म्हणजे साताऱ्यात दोन-सव्वादोन इंच कमीच दिसणार. इथे १६ इंच आले म्हणजे इंजिन आजारी असे नव्हे. काटा ठरावीक ठेक्यात झटके देत असेल तर मात्र रोग व्हॉल्व्हचा आहे.

आता जुना कार्बोरेटर बघा. थ्रॉटलचा दांडा बोटाने वरखाली हलवून पाहा. खडखड जाणवली की बुशातून हवा शिरते आणि स्लो कधीच एका जागी राहत नाही. लेथवर पितळी बुश बसवून, नवी निडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी सुई) आणि पॅकिंग टाकून असा कार्बोरेटर पुन्हा अनेक वर्षे चालतो. मूळचा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर दुरुस्त होण्यासारखा असेल तर आम्ही तोच सुचवतो. बॉडी तडकली असेल, फ्लँज (इंजिनवर बसणारी सपाट बैठक) फार वाकला असेल किंवा आतली भोके कुणीतरी तार घालून मोठी केली असतील, तर नवा घ्यावा.

मोठा नको, मापाचा हवा

पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे. ५००० आर.पी.एम.ला ते मिनिटाला जेमतेम २२०० लिटर हवा ओढते. त्याला २३ ते २५ मि.मी. व्हेंच्युरी (कार्बोरेटरचा अरुंद गळा) पुरते. यापेक्षा मोठी घेतली की कमी वेगात व्हेंच्युरीतून हवा सावकाश जाते, जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) ओढ पडत नाही, पेट्रोलचे नीट तुषार होत नाहीत. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर मान टाकते आणि मग उचलते. घाटातल्या वळणावर नेमके हेच नको असते.

वेबर ३२/३६ या दोन गळ्यांच्या कार्बोरेटरची मागणी बरेच जण करतात. त्याच्या व्हेंच्युरी २६ आणि २७ मि.मी.च्या, दुसरा गळा उशिरा उघडणारा. २१९९ सी.सी.च्या जीपला तो शोभतो, १४८९ सी.सी.च्या ॲम्बॅसिडरला बारीक जेट टाकून चालवता येतो, पद्मिनीला तो नको. मोटरसायकलचा कार्बोरेटर तर कुणालाच नको. त्याची निडल व्हॉल्व्ह टाकीतून आपोआप उतरणाऱ्या पेट्रोलसाठी असते, पंपाच्या दाबापुढे ती टिकत नाही आणि ओव्हरफ्लो होतो.

जेटच्या आकड्यांचीही गफलत होते. सोलेक्स आणि वेबरच्या मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मि.मी.च्या शंभराव्या भागात सांगतो: १३० म्हणजे १.३० मि.मी. मिकुनी कंपनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा मात्र त्यातून किती पेट्रोल वाहते त्यावरून असतो. एकाचा आकडा बघून दुसऱ्याचा जेट मागवू नका.

उंची आणि इथेनॉल

जुन्या मॅन्युअलमधले जेट साध्या पेट्रोलसाठी आणि समुद्रसपाटीच्या आसपासच्या हवेसाठी दिलेले असतात. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांतून आलेले असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या जेटवर मिक्स्चर सुमारे ८ टक्के लीन (पेट्रोल कमी) होते. उलट उंचीवर हवा विरळ म्हणून मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) होते: साताऱ्यात सुमारे ३ टक्के, महाबळेश्वरला (सुमारे १३५० मीटर) ६ ते ७ टक्के.

हिशेब असा. मॅन्युअलमध्ये १२५ चा जेट असेल तर इथेनॉलसाठी कोकणात १३० लागेल, साताऱ्यात १२७.५ पुरेल, महाबळेश्वरला जवळजवळ मूळचाच चालेल. गाडी कायम साताऱ्यात आणि कधीमधी घाटात जात असेल तर १२७.५ वर ठेवतो. महाबळेश्वरला ती किंचित रिच होईल, त्याने नुकसान नाही. धोका उलट्या दिशेला आहे. महाबळेश्वरला बारीक जेट टाकून गाडी गोड चालली, आणि त्याच जेटवर आंबेनळी घाटाने उतरून महामार्गावर तासन्‌तास पळवली, तर लीन मिक्स्चरने इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळतात.

इथेनॉल जुन्या रबरालाही खाते. म्हणून कार्बोरेटरबरोबर पेट्रोलचा सगळा रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल चालणारा घालतो. ही वस्तू बिलातून कमी करायला सांगू नका. मऊ झालेला पाइप तापलेल्या इंजिनवर फुटला तर गाडी पेटते.

बसवताना काय करतो

नवा कार्बोरेटर डब्यातून काढून थेट बसवत नाही. नकली मालात भोकांत धातूची कुसळे राहिलेली असतात, जेटवर छापलेला आकडा आणि खरे भोक जुळत नाही. म्हणून तो पूर्ण उघडतो, जेट मोजतो, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी त्या मॉडेलच्या मापाला लावतो, फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलेले नाही याची खात्री करतो.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढूनच काम सुरू होते आणि अग्निशामक हाताशी असतो. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) तोंडात स्वच्छ फडके कोंबतो, कारण आत पडलेला एक नट म्हणजे हेड काढणे आले. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाने) घालतो. ०.०५ मि.मी.पेक्षा जाड पान शिरले तर फ्लँज काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करतो.

दोन स्टडच्या मॅनिफोल्डवर चार भोकांचा कार्बोरेटर बसवायचा तर अडॅप्टर प्लेट लागते. तिच्या आतली कड कार्बोरेटरच्या भोकात पायरीसारखी पुढे येता कामा नये. प्लेटखाली ६ ते ८ मि.मी.चा बेकलाइटचा तुकडा घालतो, नाहीतर एप्रिल-मेमध्ये फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते आणि चहाला थांबलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

फ्लोट चेंबर गाडीच्या पुढच्या बाजूला हवा. मागे ठेवला तर चढावर पेट्रोलची पातळी नळीच्या खाली जाते आणि ऐन चढावर इंजिन उपाशी राहते. सपाट रस्त्यावर हा दोष दिसत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तसाच राहून जातो.

नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे, १५ ते २० न्यूटन-मीटरपर्यंत. एकच बाजू आवळली की फ्लँज वाकतो. गळेल म्हणून पॅकिंगला सिलिकॉन फासू नका, पेट्रोलने ते सुटते आणि जेटमध्ये जाते. इलेक्ट्रिक पंप असेल तर दाब ३ पी.एस.आय.च्या आसपास ठेवणारा रेग्युलेटर हवाच. शेवटी एक माणूस आत बसून पॅडल पूर्ण दाबतो, दुसरा थ्रॉटल पूर्ण उघडतो आणि पूर्ण मिटतो हे बघतो. परतीच्या स्प्रिंग दोन लावतो, एक तुटली तरी गाडी पळत सुटू नये.

ट्युनिंग

मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड फेरा उघडतो, इंजिन पूर्ण तापू देतो, स्लो ८०० ते ८५० वर आणतो आणि व्हॅक्यूम सर्वांत जास्त येईल तिथे स्क्रू थांबवतो. स्क्रू अडीच फेऱ्यांपलीकडे गेला तर पायलट जेट (स्लोचा जेट) लहान, एका फेऱ्याच्या आत आला तर मोठा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर एक तर कुठून तरी हवा शिरते आहे, किंवा स्लोचा स्क्रू जास्त आवळल्याने थ्रॉटलची पाटी आधीच उघडी आहे. अशा गाडीत जेट बदलत बसणे व्यर्थ.

मेन जेटची परीक्षा रस्त्यावर. आम्ही यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी लावून चोक (हवा अडवणारी झडप) जरासा ओढतो. गाडीने जोर धरला तर मिक्स्चर लीन, आणखी दबली तर रिच. मग प्लग काढून बघतो: फिकट बदामी बरा, पांढरा वाईट, काळा आणि कोरडा म्हणजे पेट्रोल वाया. फक्त पॅडल झटक्यात दाबल्यावर अडखळत असेल तर मेन जेटला दोष नाही, ॲक्सिलरेटर पंप बघावा लागतो.

पी.यू.सी.ला या जुन्या चारचाकींना स्लोवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. गाडी त्याच्या आत बसवूनच देतो.

गाडी नेल्यानंतर

पहिल्या ५०० कि.मी.नंतर परत आणा. पॅकिंग दबून नट सैल होतात, ते पुन्हा आवळावे लागतात. त्याआधी सकाळी गाडीखाली किंवा मॅनिफोल्डवर पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारू नका, फोन करा.

पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि फ्लोट चेंबर रिकामा करा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, पाणी तळाशी बसते आणि चेंबरमध्ये पांढरी भुकटी धरते. दसऱ्याला गाडी काढताना तीच जेटमध्ये अडकते. जुन्या टाकीतला सुटलेला गंजही याच वेळी येतो, म्हणून पंपाच्या आधीचा फिल्टर वर्षातून एकदा बदला.

काढलेला जुना कार्बोरेटर आम्ही जेट, लिंक आणि नटांसह पिशवीत घालून परत देतो. भंगारात देऊ नका, त्याचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.