कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड : समीक्षकांचा व श्रोत्यांचा प्रतिसाद

अमेरिकी गायिका-गीतकार ल्युसिंडा विल्यम्स (जन्म १९५३, लेक चार्ल्स, लुइझियाना) यांचा पाचवा अल्बम. मर्क्युरी रेकॉर्ड्सने तो ३० जून १९९८ रोजी बाजारात आणला. ऑल्ट-कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीताची मुख्य प्रवाहाबाहेरची शाखा) या प्रवाहाचे नाव निघाले की ज्या मोजक्या अल्बमांचा दाखला हमखास दिला जातो, त्यांतला हा एक.

आधीचा अल्बम १९९२ चा, म्हणजे मध्ये सहा वर्षे गेली. ऑस्टिनमध्ये गिटारवादक गर्फ मॉर्लिक्स यांच्याबरोबर केलेले ध्वनिमुद्रण विल्यम्स यांना पसंत पडेना. गायक-गीतकार स्टीव्ह अर्ल आणि ध्वनिमुद्रण-निर्माते रे केनेडी यांना हाताशी धरून त्यांनी नॅशव्हिलमध्ये गाणी पुन्हा गायली आणि शेवटचा हात लॉस एंजेलिसमध्ये कीबोर्डवादक आणि निर्माते रॉय बिटन यांच्या मदतीने फिरवला. मॉर्लिक्स यांची अनेक वर्षांची साथ या ओढाताणीत सुटली. त्यामुळे अल्बम येण्याआधीच वृत्तपत्रांत चर्चा रंगली ती विल्यम्स यांच्या हट्टीपणाची. पुरुष कलावंताने एवढा वेळ घेतला असता तर कोणी नावे ठेवली नसती, ही खंत त्यांनी पुढे मुलाखतींत बोलून दाखवली आणि ती रास्तच आहे.

गाणी कानावर पडल्यावर मात्र समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाच्या ‘पॅझ अँड जॉप’ या समीक्षकांच्या वार्षिक कौलात १९९८ साली तो पहिला आला; दुसऱ्या स्थानी गायिका लॉरिन हिलचा गाजलेला अल्बम होता. संगीत समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी ‘ए प्लस’ ही श्रेणी दिली, जी त्यांच्याकडून क्वचितच मिळते. १९९९ मध्ये ग्रॅमी मिळाले ते समकालीन लोकसंगीताच्या विभागात. कंट्रीच्या मुख्य प्रवाहातील रेडिओने गाण्यांना फारसा थारा दिला नाही. तरीही श्रोत्यांनी अल्बम शोधून घेतला आणि पाच लाख प्रतींसाठी मिळणारे ‘गोल्ड’ प्रमाणपत्र विल्यम्स यांना प्रथमच लाभले. ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत २००३ साली तो ३०४ वा होता, २०२० मध्ये ९८ वा.

श्रोत्यांना यात काय सापडते, हे ‘जॅक्सन’ या गाण्यातून चांगले कळते. एक बाई प्रियकराला मागे टाकून निघाली आहे. लाफायेतला पोहोचले की मला काही वाटणार नाही, बॅटन रूजला पोहोचले की डोळ्यांत पाणी येणार नाही, असे ती गावागणिक स्वतःला बजावत जाते. गाव पुढचे पुढचे येते आणि बजावणे काही थांबत नाही, यातच तिची अवस्था कळते. दुःख हा शब्द उच्चारायची गरजच उरत नाही. ‘लेक चार्ल्स’ हे गाणेही असेच: त्यातला माणूस जन्मला पूर्व टेक्ससमध्ये, पण सगळ्यांना सांगायचा की मी लेक चार्ल्सचा. दक्षिणेकडील गावांची नावे या अल्बमात केवळ पत्ता म्हणून येत नाहीत, माणसे त्यांचा आधार घेतात.

शीर्षकगीतात स्वयंपाकघर आहे, रेडिओवर कंट्री गायिका लॉरेटा लिनचा आवाज आहे, अंडी आणि बेकनचा वास आहे. मग सामान बांधून कुटुंब निघते; गाडीच्या मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचे मूल बसले आहे, चेहऱ्यावर धूळ आणि आसवे. विल्यम्स यांचे वडील मिलर विल्यम्स हे कवी आणि प्राध्यापक. नोकरीपायी घर सतत एका गावाहून दुसऱ्या गावी हलत असे. मुलगी आपल्या रचना त्यांना दाखवत असे आणि त्यांच्या मताला मोठा मान देत असे. हे गाणे लिहिताना ते मूल म्हणजे आपणच, हे तिच्याही ध्यानात आले नव्हते. वडिलांनी ते ऐकले, तिला गाठले आणि तिची क्षमा मागितली.