कौले चाळणे व पन्हळ-सफाई

पावसाळ्यापूर्वी छपरावरची कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावणे आणि वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, पन्हळींतला पालापाचोळा, माती व शेवाळ काढणे हा सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील एक हंगामी व्यवसाय. कौले चाळणे, घर शाकारणे, गळती काढणे अशा नावांनी तो ओळखला जातो. महाबळेश्वर, जावळी, पाटण, वाई व सातारा तालुक्यांतील डोंगराळ गावे आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा हे त्याचे मुख्य क्षेत्र. अक्षय्यतृतीयेनंतर कामाला जोर येतो आणि मृग लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ते संपवावे लागते. मधल्या वळवाच्या वाऱ्याने चाळलेली कौले पुन्हा हलतात. असे झाल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, यावरून दरवर्षी वाद होतात.

व्यवसायाचा पाया पर्जन्यमानात आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर राहतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ७५ चौ.मी. जागा झाकणाऱ्या छपरावरून महाबळेश्वरात वर्षाला चार लाख लिटरांहून अधिक पाणी उतरते, माणमध्ये चाळीस हजारांच्या आत. साहजिकच पूर्वेकडे कौले चाळण्याचा धंदा म्हणण्यासारखा नाही.

कौलांचे प्रकार व त्यांचे आगमन : जुने देशी कौल म्हणजे नळीचे कौल. कुंभार चाकावर निमुळती नळी काढून ती उभी चिरतो व तिची दोन अर्धगोल कौले होतात. एक थर उताणा, त्याच्या सांध्यांवर दुसरा पालथा, अशी त्यांची मांडणी असते. ही कौले स्वतःच्या वजनावरच टिकून असल्याने वारा, मांजरे आणि विशेषतः वानरे यांनी सहज सरकतात, म्हणून ती दरवर्षी चाळावी लागतात. बलुतेदारीत हे काम कोणाचे, याबद्दल एकवाक्यता नाही. कौले करणारा कुंभारच ती चढवीत असे, असे एक मत. छपराचे लाकूडकाम सुताराचे असल्याने चाळणीही त्याच्याकडे जाई, असे दुसरे. बलुते हे नित्य, वर्षभराच्या सेवेबद्दल दिले जाई. कौले मात्र घर बांधताना हजारांनी लागत व पुढे थोडी थोडी, त्यामुळे त्यांचा मोबदला बलुत्याबाहेर वेगळा ठरत असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चाळणी बहुधा घरच्या माणसांनी व शेजाऱ्यांनी मिळूनच केली जात असावी. पैसे घेऊन छपरावर चढणारी स्वतंत्र टोळी ही त्या मानाने अलीकडची दिसते.

मंगलोरी कौलाने हे चित्र पालटले. या कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे काढला, याबद्दल दुमत नाही; सालाबद्दल आहे. काही ठिकाणी १८६० दिले जाते, तर गेओर्ग प्लेब्स्ट यांनी जेप्पू येथे उभारलेल्या कारखान्याच्या आधारे १८६५ सांगितले जाते. आधीचे साल नेत्रावती व गुरुपूर नद्यांकाठच्या मातीवर झालेल्या सुरुवातीच्या प्रयोगांचे आणि नंतरचे प्रत्यक्ष उत्पादनाचे असू शकेल. येथे १८६५ ग्राह्य धरले आहे. कडा एकमेकींत अडकणाऱ्या कौलाची कल्पना मात्र मंगळूरची नव्हे. आल्सेस प्रांतातील आल्टकिर्श येथील गिलार्डोनी बंधूंनी अशा कौलाचे एकस्व (पेटंट) १८४१ मध्येच घेतले होते.

सातारा भागात हे कौल केव्हा व कोणत्या वाटेने आले, हे ठरविणे अवघड आहे. पुणे–मिरज लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पूर्ण झाला आणि महाबळेश्वरला जाणारे प्रवासी वाठार स्थानकावर उतरू लागले. कौलेही याच मार्गाने आली, हा एक तर्क. ती गलबतांतून सावित्रीच्या खाडीने महाडकडे व पुढे आंबेनळी घाटाने गाडीवर चढली, हा दुसरा. कृष्णाकाठच्या गावांपुरता पहिला आणि माथ्यावरच्या बंगल्यांपुरता दुसरा तर्क पटण्यासारखा आहे. कौलाच्या पाठीवरील कारखान्याच्या शिक्क्यावरून वाड्याचे वय काढण्याची रीत सर्रास दिसते, पण ती धोक्याची आहे. मोडलेल्या वाड्याची कौले दुसऱ्या घरावर चढविण्याची चाल जुनी असून छपराच्या एकाच पाख्यावर (उतरत्या बाजूवर) चार कारखान्यांचे शिक्के सापडतात.

कामाची रीत : मंगलोरी कौलाच्या एका कडेला उभी खाच व दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी धार असते. शेजारच्या सांध्यातून आत आलेले पाणी या खाचेतून खालच्या कौलावर उतरते. खाचेत धूळ भरून तिच्यावर शेवाळ धरले की पाणी कडेवरून उलटते, कौलाखालच्या रिपेवर (आडव्या लाकडी पट्टीवर) ठिबकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत रीप कुजते. घरमालक फुटके कौल शोधतो, पण गळती बऱ्याचदा धड दिसणाऱ्या कौलाखालीच असते. म्हणून जाणता कारागीर आधी घरातून वासे व रिपा पाहतो, काळे डाग पडलेल्या जागी कोळशाने खुणा करतो आणि मगच शिडी लावतो.

कौले आढ्याकडून (छपराच्या सर्वांत उंच कडेकडून) वळचणीकडे उतरवतात व वळचणीकडून आढ्याकडे लावतात. एकजण काढतो, दुसरा खराट्याने व तारेच्या ब्रशने खाच मोकळी करतो, खालचे दोघे झेलतात आणि रचतात. कौलावर थेट पाय न देता वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसतात. आढ्यावरची कौले चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसविलेली असतात. ती उखडली तर नव्याने बसविण्याचा खर्च वेगळा धरतात. मोटारीच्या जोरदार फवाऱ्याने कौले धुण्याची पद्धत काही हॉटेलांत सुरू झाली आहे. शेवाळ झटपट निघते हे खरे, पण जुन्या कौलाचा वरचा पापुद्राही त्याबरोबर जातो, कौल अधिक पाणी पिते आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुपटीने येते. ब्रश व ब्लीचिंग पावडरीचे पातळ पाणी पुरेसे होते.

पन्हळींचे काम वर्षातून दोनदा निघते. पाचगणीला सिल्व्हर ओकची, महाबळेश्वरला जांभळीची पाने पन्हळीत साचून त्यांचा लगदा होतो. त्यात पिंपळाचे रोप रुजले की मुळे सांधा उघडतात. मे महिन्यातील सफाईनंतर श्रावणात उघडीप मिळताच दुसरी फेरी लागते. पन्हळीला दर दहा फुटांस सुमारे एक इंच उतार हवा. तासाला १०० मि.मी. पाऊस झाल्यास वर सांगितलेल्या ७५ चौ.मी. छपराच्या एका पाख्यावरून मिनिटाला ६० लिटरांहून अधिक पाणी येते. उभ्या नळाच्या तोंडाशी मूठभर पाला अडकला तरी ते भिंतीवर उतरते. महाबळेश्वर भागात भिंतींना गवताच्या झडी (पावसाच्या माऱ्यापासून बचावाचे आडोसे) बांधण्याचे कामही बहुधा याच टोळ्या घेतात. झडींसाठी अलीकडे प्लास्टिकचा कागद अधिक दिसतो.

दर व हिशेब : काम तीन प्रकारे ठरते : रोजाने (दिवसाच्या मजुरीवर), ब्रासने किंवा उक्ते (सगळ्या कामाची एकच रक्कम). ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. मोजमाप जमिनीवर घ्यायचे की उतारावर, यातच नफा-तोटा आहे. ३० × २० फुटांच्या घराला चारही बाजूंनी दोन फूट वळचण धरली तर छपर ३४ × २४, म्हणजे ८१६ चौ. फूट जागा झाकते. ३० अंशांच्या उतारावर तेच क्षेत्र सुमारे ९४२ चौ. फूट, म्हणजे साधारण ९.४ ब्रास होते. घराच्या आतल्या मापावर सहा ब्रास ठरवून बसणारा नवखा ठेकेदार एक-तृतीयांशाहून अधिक काम फुकट करतो.

ब्रासला मंगलोरी कौले १४० ते १५० लागतात. वरील उदाहरणातल्या घरावर तेराशे-चौदाशे कौले आली. एका कौलाचे वजन अडीच किलो धरले तर सव्वातीन टनांहून अधिक माल एकदा उतरवायचा आणि एकदा चढवायचा असतो. चौघांची टोळी हे काम तीन दिवसांत करते व प्रत्येकाचा रोज ८०० रुपये आहे असे नुसते उदाहरणादाखल धरले, तर मजुरीच ९,६०० रुपये होते, म्हणजे ब्रासला हजाराच्या वर. तीत शिडी-फळ्यांची झीज, टेम्पोभाडे, कौलांची तूट-फूट आणि ठेकेदाराचा वाटा मिळवायचा असतो. मे महिन्यात मुंबईहून जावळी-पाटणच्या गावी आलेले चाकरमाने घाईत असतात आणि त्याच दिवसांत शेताची मशागत चालू असल्याने माणसे मिळत नाहीत. दर त्याप्रमाणे चढतो.

तुटीचा प्रश्न सर्वांत नाजूक. शंभर कौलांत पाचपर्यंत फुटली तर तोटा मालकाचा व त्यापुढचा ठेकेदाराचा, अशी बोली आधीच करणे श्रेयस्कर. नवे कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही, कारण कारखान्यागणिक माप थोडे फिरते. म्हणून मुरलेले ठेकेदार पाडलेल्या वाड्यांची कौले शिक्क्यांप्रमाणे लावून ठेवतात, आणि धंद्यातले त्यांचे खरे भांडवल हेच म्हणता येईल. नळीच्या कौलांचे काम ब्रासने घेऊ नये. त्यात किती निघेल याचा अंदाज वर चढल्याशिवाय येत नाही, म्हणून रोजावर काम घेणेच बरे. पन्हळींचा दर रनिंग फुटावर ठरतो, दुसऱ्या मजल्यापासून तो वाढतो, आणि तुंबलेला उभा नळ मोकळा करण्याचे वेगळे घेतात. पाचगणीच्या निवासी शाळा, हॉटेले व बंगले यांच्याशी वर्षाचा करार करता येतो; त्यात वानरांनी केलेली मोडतोड वगळल्याचे स्पष्ट लिहावे.

पत्रे : सिमेंटच्या पत्र्यांवरील काम सर्वांत धोक्याचे आहे. शेवाळाखाली पत्रा चिरलेला दिसत नाही आणि माणूस थेट आत पडतो. बोल्टांची ओळ जिथे दिसते तिथेच खाली आडवे लाकूड वा अँगल असतो, तेवढ्यावरच फळी टाकावी. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असल्याने ते कोरडे घासू नयेत, ओले करूनच साफ करावेत. लोखंडी पत्र्यांना सफाई कमी लागते. बोल्टांखालचे वायसर (चकत्या) बदलणे हेच त्यांचे मुख्य काम.

नोंदणी : सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. दुरुस्तीची कामे बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्यातील व्याख्येत येतात. १८ ते ६० वयाच्या व वर्षात ९० दिवस असे काम केलेल्या मजुराला राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. चाळणीचा हंगाम एवढा लांबत नसल्याने बहुतेकांचे दिवस गवंडीकाम व रंगकाम धरूनच भरतात.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, जत व आटपाडी भागांत, जुन्या घरांना धाबी, म्हणजे मातीची सपाट छपरे, आहेत. तेथे पावसापूर्वी पांढरी माती टाकून चोपतात व भिंतीबाहेर काढलेल्या पन्हळी मोकळ्या करतात. हे काम अद्याप बहुतांशी घरच्या घरीच होते.