रस्ते वाढले म्हणजे शहर जोडलं गेलं?

‘शहर पसरलं, नवे रस्ते झाले, की कुठेही पोहोचणं सोपं होतं’ हा समज बराच जुना आहे. नवा गुळगुळीत रस्ता समोर दिसतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच आहे.

पण रस्त्यांची लांबी वेगळी आणि जोडणी वेगळी. चौकोनी जाळ्यात दोन चौकटी आडव्या, दोन उभ्या पार करायच्या असतील, तर सारख्याच अंतराच्या 6 वाटा मिळतात. झाडाच्या फांद्यांसारख्या, टोकाला बंद होणाऱ्या रस्त्यांत वाट एकच. तीही अडली तर संपलंच! शहराच्या कडेला वसाहती सुट्या सुट्या उभ्या राहतात, तिथे हा फांद्यांचा नमुना अनेकदा दिसतो. शेजारचं घर भिंतीपलीकडे, पण जायचं मुख्य रस्त्यावरून वळसा घालून.

नकाशावर स्वतः तपासा. दोन ठिकाणांमधलं सरळ रेषेतलं अंतर मोजा, मग पायी वाटेचं, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. नियमित चौकोनी जाळ्यात उत्तर साधारण 1.41 च्या आत राहतं. ते 2 किंवा 3 आलं, तर रस्ते असूनही जोडणी तुटकी आहे. हे आखणीच्या वेळीच पाहायला हवं, कारण घरं उभी राहिल्यावर मधून वाट काढणं फार अवघड जातं.